एकोणीस दिवस कुणी पळवले?

'तर्कसम्राट, सूक्ष्म निरीक्षक, गुन्हेगारांचा कर्दनकाळ. हरवलेली माणसं, वस्तू, कागदपत्रं व मनःशांती शोधून मिळेल. भेटीची वेळ दुपारी दोननंतर.'

हे माझ्या धाकट्या दिराचं व्हिजिटिंग कार्ड. दुपारी दोननंतर अशासाठी, की दोन वाजेपर्यंत कर्दनकाळ एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतात. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. मूळ मजकुरात 'आंतरराष्ट्रीय' हाही शब्द होता, तो मी जागा पुरत नाही असं सांगून गाळला. जागा भरपूर होती.

भावजींनी आजवर सात प्रकरणं हाताळली. पाचांत हरवलेली वस्तू मालकाला स्वतःलाच सापडली आणि उरलेल्या दोन मालकांनी आमचा फोन उचलणं बंद केलं. भावजी या सातही प्रकरणांची गणना यशात करतात. मी पाणीपुरवठा कार्यालयातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी मला सहायक म्हणून नेमलं. माझं मत विचारायला ते विसरले. नवरा म्हणाला, "जात जा गं त्याच्याबरोबर. तू असलीस की निदान तो विचार करत करत रस्ता तरी ओलांडणार नाही." तेव्हापासून मी लघुलेखनाची वही घेऊन त्यांच्या मागून चालते आणि रस्ते ओलांडून देते.

आठवं प्रकरण आलं ते रविवारी सकाळी, आणि आणलं माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने. तो इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे. म्हणजे नळ जोडणारा वेगळा, फरशी बसवणारा वेगळा, वायरी ओढणारा वेगळा, आणि या सगळ्यांनी कोणत्या दिवशी काय करायचं ते कागदावर लिहिणारा माझा भाऊ. सध्या दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम चालू होतं. चार मजले, छप्पन्न खोल्या. भिंती आणि छप्पर उभं होतं, आतलं सगळं व्हायचं होतं.

काखेतली गुंडाळी त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर उलगडली. सहा मोठे कागद एकमेकांना चिकटवलेला तक्ता होता तो, दोन्हीकडून जमिनीला टेकला. प्लंबर निळा, फरशीवाला पिवळा, वायरमन लाल, सुतार तपकिरी, रंगारी हिरवा. प्रत्येक खोलीची ओळ, प्रत्येक दिवसाचा चौकोन, आणि एकही रेघ वाकडी नाही. सरकारी नोकरीच्या तीस वर्षांत मी इतकं देखणं वेळापत्रक पाहिलं नव्हतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"ताई, यातले एकोणीस दिवस गायब आहेत," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. प्लंबर एका खोलीला चार दिवस लागतील म्हणतो आणि चार दिवसांतच काम संपवतो. फरशीवाला तीन म्हणतो, तीनच घेतो. कोणी दांडी मारत नाही, माल वेळेवर येतो. तरीही सगळं मिळून काम एकोणीस दिवस मागे आहे. दवाखाना ताब्यात द्यायच्या दोन तारखा टळून गेल्या होत्या. कंपनीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी शांतपणे बजावलं होतं की बुधवारपर्यंत दिवस कुठे जातात ते सांग, नाहीतर टेबल रिकामं कर. हे सांगताना तो कपातल्या चहाकडे बघत होता आणि चहा कधीच गार झाला होता.

या पोराला दुसरं काही येत नाही हो. शाळेत असताना वार्षिक परीक्षेसाठी त्याने अभ्यासाचं वेळापत्रक बनवायला घेतलं. चार दिवस आखलं, रंगवलं, कडेने पानांची नक्षी काढली, आणि ते भिंतीवर लागलं तेव्हा पहिला पेपर दुसऱ्या दिवसावर आला होता. चित्रकलेत मात्र तो वर्गात पहिला आला.

भावजींनी तक्त्यावरून भिंग फिरवलं, टेबलाखाली वाकून तक्त्याची मागची बाजू पाहिली आणि डोकं आपटून घेत बाहेर आले. "दिवस चोरीला जाऊ शकतात, वहिनी," ते म्हणाले. "फक्त चोर असामान्य बुद्धीचा लागतो." आपल्या तोडीस तोड कुणीतरी अखेर भेटलं, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

शाळेला आठवडाभर सुट्टी असल्याने सोमवारी कर्दनकाळ सकाळी नऊलाच कामाच्या जागी हजर झाले. तळमजल्यावरच्या एका खोलीत भावाचं ऑफिस होतं. बाहेर बाकावर पाच मुख्य कारागीर रांगेने बसले होते आणि एकेकाला आत बोलावलं जात होतं. कोणी काय संपवलं ते सांगायचं, भाऊ लिहून घ्यायचा, की पुढचा आत. सगळ्यांना एकदम का बोलवत नाहीस, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की दोन महिन्यांपूर्वी एका न्हाणीघरात नळाची तपासणी व्हायच्या आतच फरशी बसली. ती सगळी फोडावी लागली. त्यावरून मीटिंगमध्ये प्लंबर आणि फरशीवाल्याचं इतकं वाजलं की एक बादली खिडकीतून बाहेर गेली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि भावाने नियम केला. काम संपल्याचं सोमवारीच सांगायचं, एकट्याने येऊन सांगायचं. मंगळवारी तो आकडेमोड करणार, बुधवारी कागद छापून चिकटवणार, गुरुवारी नवा तक्ता भिंतीवर लागणार, आणि तक्त्यावर दिसल्याशिवाय कोणी नव्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

"गोंधळ बंद झाला, ताई," तो अभिमानाने म्हणाला. खरंच सगळीकडे शांतता होती. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. पान दुसरं, ओळ चौथी ते अकरावी. उत्तर तिथेच लिहिलेलं होतं आणि ते माझ्याच अक्षरात होतं, हे मला आजही टोचतं.

भावजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे होते. घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. अकरा मिनिटं, गुणिले छप्पन्न खोल्या, गुणिले पाच कारागीर, असा हिशेब त्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यावर शाईने मांडला आणि भावाने डोळे मिटून घेतले. आठ तासांचा दिवस धरून उत्तर आलं सहा दिवस आणि वर तीन तास वीस मिनिटं. "एक तृतीयांश चोरी पहिल्या तासात उघडकीस," असं त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं. भावाने खुर्चीवर चढून काटा पुढे केला. दिवस काही परत आले नाहीत.

मग कॅलेंडर. त्यावर फेब्रुवारीचं पान नव्हतं. भावजींचा आवाज भरून आला. चोर एकोणीस नव्हे, तब्बल अठ्ठावीस दिवस घेऊन पळाला होता, म्हणजे आपल्याला वाटलं त्याहून प्रकरण गंभीर होतं. पान रंगाऱ्याकडे सापडलं. हिरव्या रंगाच्या दोन छटा त्याने त्यावर लावून पाहिल्या होत्या, आणि फेब्रुवारी संपून बराच काळ लोटला असल्याने त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्या हाताला इतके रंग लागलेले होते की त्याला रंगेहाथ पकडण्यातही अर्थ नव्हता.

दुपारी उलटतपासणी झाली. भावजींनी फरशीवाल्याला उन्हात उभं केलं, कारण दिवा नव्हता.

"गेल्या एकोणीस दिवसांत आपण कुठे होतात?"

"इथंच."

"पुरावा?"

"फरशी."

भावजींनी खाली पाहिलं. आपण पुराव्यावरच उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. प्लंबरने सांगितलं की त्याला फरशीवाल्यावर संशय आहे. फरशीवाल्याने सांगितलं की त्याला प्लंबरवर संशय आहे. सुताराने सांगितलं की त्याला आमच्यावर संशय आहे, कारण आम्ही आल्यापासून त्याची फूटपट्टी सापडत नव्हती. ती भावजींच्या खिशात निघाली. नमुना म्हणून घेतली होती.

मंगळवारी त्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. शाळेतून आणलेली खडूची पूड तिसऱ्या मजल्यावरच्या चौदाही खोल्यांच्या उंबऱ्यांशी पसरली. चोर कुठूनही आला तरी पायाचा ठसा उमटणार. मी जिन्यात बसून राहिले. खाली भाऊ पुढच्या तक्त्याची आकडेमोड करत होता. मध्येच एकदा वर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला की ही नोकरी गेली तर मी काय सांगू गं घरी, काय चुकलं म्हणून सांगू, मला स्वतःलाच दिसत नाहीये. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बुधवारी सकाळी आम्ही पूड पाहिली. पाच उंबऱ्यांशी ठसे होते. नऊ ठिकाणी पूड जशीच्या तशी, मुंगीचंही पाऊल नाही. भावजी बराच वेळ गुडघ्यांवर बसून होते. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता आणि पँट पांढरी झाली होती.

"चोर जमिनीला पाय लावत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं की कदाचित या नऊ खोल्यांत कोणी गेलंच नसेल. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जिथे दिवसरात्र घाई चालली आहे त्या इमारतीत नऊ खोल्या रिकाम्या पडून राहतील, हे तुम्हाला पटतं का, असं त्यांनी विचारलं. मलाही ते पटेना. खरं तर त्या नऊही दारांना कुलपं होती. भावजींनी ती पाहिली होती आणि त्याची नोंद 'चोर सावध आहे' अशी करवून घेतली होती. जमिनीला पाय न लावता फिरणारा एकच माणूस त्या इमारतीत होता, तो म्हणजे सदा शिडीवर असणारा वायरमन. प्रकरणाचा निकाल लागला होता.

अकरा वाजता भावजींनी सगळ्यांना तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत बोलावलं. पुढे तिथे रुग्णांनी ताटकळत बसायचं होतं, त्यामुळे जागा प्रसंगाला साजेशी होती. संशयितांना एका खोलीत एकत्र बसवून मग गुन्हेगाराकडे बोट दाखवायचं, ही भावजींची फार वर्षांची इच्छा. याआधीच्या सात प्रकरणांत इतके संशयित कधी जमलेच नव्हते. भावाने कळवळून सांगून पाहिलं की या लोकांना एकत्र बसवू नका, भांडतील, पण भावजींनी ऐकलं नाही. पाचही कारागीर रंगाच्या डब्यांवर आणि फळ्यांवर बसले. प्लंबर एका टोकाला, फरशीवाला दुसऱ्या. मोठ्या बाईंना एकुलती एक खुर्ची दिली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि मांडीवर डायरी उघडली. भाऊ दाराजवळ उभा होता. तक्त्याची गुंडाळी त्याच्या काखेत होती.

भावजींनी सुरुवात आपल्या बालपणापासून केली. पाचव्या वर्षी त्यांनी आजीचा चष्मा कसा शोधला, इथून निघून ते पंचविसाव्या मिनिटाला घड्याळापर्यंत पोचले. तेवढ्यात दार ढकलून झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या. त्यांच्या हातात चाव्यांचा हा मोठा जुडगा होता.

"नळवाल्यांनी दिलेल्या नऊ चाव्या आहेत," त्या म्हणाल्या. "खोली संपली की मी झाडते, कुलूप लावते, चावी जपते. पण पुढे कोणी न्यायलाच येत नाही. मला आज लवकर जायचंय. कोणाच्या हातात देऊ?"

भावजींनी मावशींनाही संशयितांत धरलं आणि बसायला लावलं. मावशींनी जुडगा फळीवर ठेवला आणि बसल्या. जुडगा फरशीवाल्यासमोर पडला होता. त्याने सहज चाव्यांवरचे बिल्ले वाचले. मग पुन्हा वाचले.

"तीनशे चार, तीनशे पाच," तो म्हणाला. "यात तुमचं काम चालू आहे ना?" दोन महिन्यांत तो प्लंबरशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मागच्या मंगळवारी संपलं," प्लंबर भिंतीकडे बघून म्हणाला.

"मग मी दुसऱ्या मजल्यावर एकेका खोलीत चार-चार माणसं कोंबून कशाला बसलोय?"

"ते मला काय माहीत. मी सोमवारी साहेबांना सांगितलंय."

"आणि मी सोमवारी साहेबांनाच विचारलं, पुढची खोली कधी मिळेल. म्हणाले, गुरुवारी तक्त्यावर बघा."

भावजींनी शांतता राखण्याची विनंती केली, कारण ते आता कॅलेंडरकडे वळत होते. पण वायरमनने मान वळवून फरशीवाल्याला चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांचं विचारलं. त्या सोमवारी संध्याकाळी झाल्या होत्या. म्हणजे त्या सांगायच्या पुढच्या सोमवारी, आणि वायरमनला मिळायच्या त्याच्या पुढच्या गुरुवारी. सुताराने विचारलं की मग माझ्या दहा चौकटी खाली धूळ खात पडल्यात त्या कुठे लावू. रंगारी म्हणाला की पहिल्या मजल्यावर सुतारकाम आटोपल्याचं त्याला आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा कळतंय. ते भांडले नाहीत. भांडायला त्यांना सवडच नव्हती. फरशीवाल्याने जुडग्यातून सहा चाव्या काढल्या आणि उठला. त्याच्यामागे प्लंबर उठला आणि ओरडून सांगू लागला की तीनशे सातमधल्या पाइपाला मी बूच मारलंय, ते काढू नका, थांबा, मी येऊन दाखवतो. दोन मिनिटांत पाचही डबे आणि फळ्या रिकाम्या झाल्या आणि जिन्यावर पावलं वाजू लागली.

"आणि म्हणूनच, उपस्थितहो," भावजी रंगाच्या डब्यांना म्हणाले, "या फेब्रुवारीचं गूढ समजून घ्या."

मी भावाकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. मला वाटलं, आता हा काहीतरी सबब सांगेल, फुटलेल्या फरशीचं नाव घेईल, बादलीचं नाव घेईल. सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. पण तो सरळ मोठ्या बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, एकोणीस दिवस माझ्याकडेच होते," तो म्हणाला. "खोली मंगळवारी रिकामी व्हायची आणि मी ती पुढच्या गुरुवारपर्यंत कुलपात ठेवायचो. तक्ता बिघडू नये म्हणून."

वरून फरशी कापण्याचा आवाज सुरू झाला. एका ठिकाणाहून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मोठ्या बाईंनी मान वर करून तो ऐकला. मग विचारलं की दवाखाना ताब्यात कधी मिळेल. भावाचा हात सवयीने गुंडाळीकडे गेला.

"त्यातून नको," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारून सांग."

भाऊ वर गेला. तासाभराने उतरला तेव्हा त्याच्या केसांत फरशीची धूळ होती आणि तळहातावर पेनाने आकडे लिहिलेले होते. पाचही जणांना त्याने प्रत्येक मजल्यावर उभं राहून विचारलं होतं, आणि आलेली तारीख तक्त्यावरच्या तारखेपेक्षा अकरा दिवस उशिराची होती. बाई म्हणाल्या की याआधी तू दिलेल्या दोन्ही तारखा याहून चांगल्या होत्या.

"हो," भाऊ म्हणाला. "त्या मी घरी बसून काढल्या होत्या."

बाईंनी तारीख लिहिली आणि डायरी मिटली. टेबल राहू दे, पण त्याच्यामागे बसणं कमी कर, एवढं बोलून त्या निघून गेल्या. माझे डोळे भरून आले. आईबापांमागे याला मीच वाढवलंय. गुन्हेगार माझा भाऊ निघाला आणि मला त्याचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता. मावशींनी उरलेल्या तीन चाव्या माझ्या हातात दिल्या, खडूची पूड कोणत्या गाढवाने टाकली अशी चौकशी केली, आणि उत्तराची वाट न बघता गेल्या.

परतताना घर जवळ आलं तेव्हा भावजी म्हणाले की वायरमनवर आपण लक्ष ठेवायला हवं. मी त्यांना रस्ता ओलांडून दिला.

दवाखाना ताब्यात गेला तो बरोबर त्या तळहातावरच्या तारखेला. सकाळी अकराला भावाचा फोन आला. मागे हातोडीचा ठोका पडत होता आणि प्लंबर कुणाला तरी हसत शिव्या घालत होता. मी त्याला म्हटलं, आज जेवायला इकडेच ये, किती वाजता येतोस ते सांग म्हणजे त्या बेताने मांडते. पूर्वीचा माझा भाऊ असता तर त्याने एक वाजून दहा मिनिटं असं सांगितलं असतं आणि तीनला उगवला असता.

"दारांवरच्या दोन पाट्या लावायच्या राहिल्यात, ताई," तो म्हणाला. "लागल्या की लगेच कळवतो."

फोन ठेवून मी तवा काढला. तवा तापायच्या आत फोन पुन्हा वाजला.